मदरबोर्डची निवड : संगणकाच्या पुढील आयुष्याचा विचार

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. पडदे पूर्वीप्रमाणेच उजळत राहिले, कागद छापले जात राहिले. थांबले ते सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचे नेहमीचे येणे. ज्यांनी मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदविले त्यांना आणखी काही काळ मिळाला, इतकेच. ज्या संगणकावर ग्रामपंचायतीचा जमाखर्च, शाळेची पटनोंदणी किंवा कार्यालयाची आवक-जावक ठेवली जाते, तो अशा दुरुस्त्यांवाचून इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे कुलूप मोडलेल्या कपाटात दप्तर ठेवण्यासारखेच होय.

साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला : याच संगणकावर विंडोज-११ चालेल काय ? ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या या कार्यप्रणालीने किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण मागितली. या अटी कठीण नव्हत्या. कठीण होती ती टीपीएम २.० या सुरक्षा-सुविधेची आणि मान्य प्रोसेसरांच्या यादीची अट. इंटेल कंपनीचे साधारणतः आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडी कंपनीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर या यादीत आले. त्याआधीचे, मोजके अपवाद वगळता, बाहेर राहिले. परिणामी काही संगणक एका सुट्या भागाच्या खर्चात नव्या कार्यप्रणालीस पात्र झाले, तर त्याच वर्षी, त्याच किमतीला घेतलेले दुसरे काही संगणक सुस्थितीत असूनही मोडीच्या यादीत गेले. या भेदाचे मूळ बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशी कोणीही न पाहिलेल्या एका भागात होते. तो भाग म्हणजे मदरबोर्ड.

जोते आणि मजले

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू, असे शालेय पुस्तकातून सांगितले जाते. मदरबोर्डच्या वाट्याला अशी गौरवाची उपमा आलेली नाही. घराच्या भाषेत बोलावयाचे तर तो जोते आहे. जोत्यावर एक मजला चढेल की दोन, हे भिंती उभारल्यावर नव्हे, जोते भरतानाच ठरते. प्रोसेसर, मेमरी, साठवणीची तबकडी, जाळ्याची तार, छपाई यंत्राची जोडणी हे सारे याच फलकावर येऊन मिळते. पुढे कोणता भाग बदलता येईल, किती वाढविता येईल आणि कोणता कधीच बसणार नाही, याची मर्यादा त्यावरील खोबणींनी आखून दिलेली असते.

ही कल्पना नवी नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुख्य फलकावर जादा कार्डांसाठी पाच खोबणी ठेवलेल्या होत्या. गणिती सहप्रोसेसरसाठी एक सॉकेट रिकामेच सोडलेले होते. फलकावर मेमरी बसे ती जास्तीत जास्त ६४ केबी. त्याहून अधिक हवी असल्यास ती कार्डावरून घ्यावयाची. कंपनीने या संगणकाची तांत्रिक पुस्तिका विद्युत आराखड्यांसह प्रसिद्ध केली, त्यामुळे इतर अनेक उत्पादकांना त्या खोबणींत बसणारी कार्डे तयार करता आली. त्या यंत्राच्या यशात या पाच रिकाम्या जागांचा वाटा लहान नव्हता. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे प्रमाण ठरविले आणि फलकाचा आकार, स्क्रूची छिद्रे, वीजपुरवठ्याची जोडणी यांत एकवाक्यता आली. आजही एका उत्पादकाचा प्रमाणित फलक दुसऱ्याच्या पेटीत बसतो तो त्यामुळेच.

सॉकेटची गोष्ट

मदरबोर्डची निवड म्हणजे पहिल्याप्रथम प्रोसेसरच्या सॉकेटची निवड. येथे २०१७ या एका वर्षाचा दाखला पुरेसा बोलका आहे. समजा, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दोन शाळांनी संगणक घेतले. पहिल्या शाळेने इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि एलजीए-११५१ सॉकेटचा, २०० मालिकेचा फलक घेतला. दुसऱ्या शाळेने एएमडीचा रायझन १००० मालिकेतील प्रोसेसर आणि एएम-४ सॉकेटचा फलक पसंत केला. दोन्ही यंत्रे नवी, दोन्ही कामास पुरेशी. चार वर्षांनी विंडोज-११ ची यादी आली तेव्हा दोन्ही शाळांचे प्रोसेसर यादीबाहेर होते.

पहिल्या शाळेला वाटावे की, सॉकेट तेच ठेवून आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचे सॉकेटही एलजीए-११५१ च होते. संपर्कबिंदूंची संख्याही तीच. तथापि इंटेलने त्यांतील काही बिंदूंचे काम बदलून ते वीजपुरवठ्याकडे वळविले होते आणि या प्रोसेसरसाठी ३०० मालिकेचा फलक आवश्यक केला होता. प्रोसेसर खोबणीत बसतो, पण संगणक सुरू होत नाही. म्हणजे फलकही बदला आणि प्रोसेसरही बदला.

दुसऱ्या शाळेचे दैव वेगळे निघाले. एएम-४ सॉकेटवर रायझन २०००, ३००० आणि ५००० या मालिका एकामागून एक आल्या. २०२४ सालीही या सॉकेटसाठी नवे प्रोसेसर विक्रीस आले. २०१७ च्या अनेक फलकांवर, त्यांतील बायोस अद्ययावत केल्यावर, २०२० साली आलेला रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो. मेमरी तीच, पेटी तीच, साठवण तीच. एक भाग बदलला आणि यंत्र यादीत आले.

या कथेला एक उपकथानक आहे आणि ते खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. एएम-४ ला २०२० पर्यंत पाठबळ देऊ, असे एएमडीने आरंभी सांगितले होते. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की, येणारी नवी मालिका ४०० मालिकेच्या फलकांवर चालणार नाही. ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात हा निर्णय फिरविण्यात आला. त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या फलकांना अधिकृत परवानगी मिळावयास २०२२ साल उजाडले. अडचण काय होती ? अनेक जुन्या फलकांवर बायोस साठविण्याची चिप अवघ्या १६ एमबीची होती. इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती तीत मावेना. काही उत्पादकांनी बायोसचा चित्रमय देखावा काढून साधा केला, तर काहींनी जुन्या प्रोसेसरांचे पाठबळच वगळले. काही रुपयांची चिप मोठी घातली असती, तर हा प्रसंग बराच टळला असता. फलकाचे भवितव्य सॉकेटच्या आकारावर जितके, तितकेच अशा दुर्लक्षित चिपवर आणि उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असते.

तेव्हा सॉकेट पाहताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, या सॉकेटचा प्रवास आरंभी आहे की अखेरीस. इंटेलचे एलजीए-१७०० सॉकेट नोव्हेंबर २०२१ मध्ये आले; त्यावर बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालले; ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए-१८५१ ने त्याची जागा घेतली. एएमडीचे एएम-५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि त्याला २०२७ पर्यंत व त्यापुढेही पाठबळ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. दुसरी गोष्ट अशी की, सॉकेट जुळले म्हणून प्रोसेसर चाललाच असे होत नाही. प्रत्येक फलकाचा उत्पादक आपल्या संकेतस्थळावर त्या विशिष्ट फलकावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती हवी तेही सांगतो. अंतिम शब्द या यादीचा. स्वस्त फलकावर प्रोसेसरला वीज पुरविणारी घटकमालिका तोकडी असते. त्यामुळे त्याच सॉकेटचा अधिक शक्तिमान प्रोसेसर यादीत नसतो, किंवा असला तरी तापल्यावर मंदावतो.

मात्र या सर्व चर्चेनंतरही एक मत नोंदविणे आवश्यक आहे. शाळा व कार्यालये यांच्या बाबतीत प्रोसेसर बदलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. घरी संगणक जुळविणारा हौशी मनुष्य जुन्या बाजारातून प्रोसेसर आणून बसवू शकतो. शासकीय खरेदीच्या चौकटीत ते सहसा बसत नाही, आणि तोवर जुन्या सॉकेटचा नवा प्रोसेसर बाजारात मिळेनासा झालेला असतो. म्हणून सॉकेटच्या भविष्यासाठी थोडे अधिक मोजावे, परंतु त्यापायी मेमरी आणि साठवण यांच्या सोयीत काटकसर करू नये. संगणकाचे आयुष्य प्रत्यक्षात वाढते ते या दोहोंमुळे.

रिकामी खोबण

कार्यालयीन संगणक मंदावला, अशी तक्रार आली की, दहांतील बहुतेक वेळा कारण मेमरीची अपुरी मात्रा किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क हेच आढळते. विंडोज-११ ची किमान अट ४ जीबीची असली तरी एकाच वेळी चार-पाच संकेतस्थळे, तक्तापत्रक आणि एखादी दूरस्थ बैठक चालविणाऱ्यास ८ जीबी ही आरंभाची मात्रा समजावी आणि १६ जीबीपर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवावी. ही वाट मदरबोर्डवर असते.

इंटेलच्या एच-६१० या स्वस्त वर्गातील फलकावर मेमरीसाठी दोनच खोबणी असतात. बी-७६० सारख्या वरच्या वर्गात बऱ्याच फलकांवर चार असतात. दोन खोबणी कार्यालयास पुरतात, पण अट अशी की, एक रिकामी राहिली पाहिजे. निविदेत नुसते ‘८ जीबी मेमरी’ असे लिहिल्यास पुरवठादार ४ जीबीच्या दोन पट्ट्या बसवून मोकळा होतो. अट अक्षरशः पूर्ण झाली, दोन्ही खोबणी भरल्या, आणि तीन वर्षांनी वाढ करावयाची म्हणजे चालू स्थितीतील दोन पट्ट्या काढून टाकावयाच्या. ‘८ जीबीची एकच पट्टी, दुसरी खोबण रिकामी’ या मोजक्या शब्दांनी हे टळते. यातही थोडी देवाणघेवाण आहे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी मेमरी वाचतो, आणि स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसलेल्या यंत्रात त्याचा लाभ दिसतो. पत्रव्यवहार, नोंदणी आणि पाठ दाखविणे या कामांत मात्र तो फरक जाणवण्याजोगा नसतो. जेथे चित्रफितींचे संपादन शिकवावयाचे आहे, अशा प्रयोगशाळेत आरंभीच दोन पट्ट्या घ्याव्यात व त्या प्रत्येकी ८ जीबीच्या असाव्यात.

मेमरीची पिढी हा दुसरा मुद्दा. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, लांबीही सारखीच. परंतु खाच निराळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या खोबणीत बसत नाही, आणि विजेचा दाबही भिन्न असतो. एलजीए-१७०० सॉकेटचे काही फलक डीडीआर-४ चे, तर काही डीडीआर-५ चे निघाले. नावात एखाद्या अक्षराचा फरक, एवढेच. एएम-५ आणि एलजीए-१८५१ या सॉकेटांचे फलक केवळ डीडीआर-५ घेतात. जुन्या पिढीची मेमरी नेहमी स्वस्तच राहते, हा समज २०२५ साली खोटा ठरला. मोठ्या उत्पादकांनी डीडीआर-४ चे उत्पादन आवरते घेतले तसे तिचे भाव चढले. वर्षअखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने डीडीआर-५ ही झपाट्याने महागली. ‘आज थोडी घेऊ, पुढे स्वस्तात वाढवू’ हा हिशेब म्हणूनच डोळे झाकून करता येत नाही. नव्या फलकासाठी डीडीआर-५ चीच निवड करावी. पाच-सहा वर्षांनी तीच पट्टी मिळण्याची शक्यता अधिक.

पडद्याच्या पाठीशीच सारे यंत्र सामावलेले संगणक आणि तळहाताएवढ्या पेटीतील छोटे संगणक कार्यालयांत आता पुष्कळ दिसतात. जागा वाचते, तारा कमी होतात, टेबल नीटनेटके दिसते. परंतु त्यांतील काहींमध्ये मेमरी फलकावरच डाखलेली असते. ती वाढविताही येत नाही आणि बिघडल्यास बदलताही येत नाही. असे यंत्र घेण्यास हरकत नाही, फक्त ते घेताना त्याच्या मेमरीची शेवटची मात्रा आजच घेतली जात आहे, हे समजून घ्यावे.

साठवण

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती माहिती शोधण्यासाठी वाचनशीर्ष जागेवरून हलावे लागते. त्यास दर वेळी एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ जातो. एसएसडी या प्रकारात हलणारा भागच नसल्याने हा वेळ त्याच्याही शंभराव्या हिश्श्यावर येतो. बूट होण्यास पाच मिनिटे घेणारा जुना संगणक एसएसडी बसविताच अर्ध्या-एका मिनिटात कामास लागतो, याचे गुपित हेच. सुदैवाने यासाठी फलक नवा असावाच असे नाही. साटा ही जोडणी गेल्या दोन दशकांतील बहुतेक फलकांवर असते आणि त्यावर एसएसडी चालते; वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत मिळतो.

नवा फलक घेताना मात्र एम-डॉट-टू नावाची खोबण पाहावी. डिंकाच्या वडीसारखी दिसणारी एसएसडी हिच्यात थेट बसते, तार लागत नाही आणि वेग साटाच्या कितीतरी पट मिळतो. येथे एक फसगत संभवते. एम-डॉट-टू ही केवळ खोबणीच्या आकाराची संज्ञा आहे. काही खोबणी वायफाय कार्डासाठी असतात. त्यांची खाच निराळी असल्याने एसएसडी त्यांत बसत नाही. काहींत फक्त साटा पद्धतीची एसएसडी चालते, तर काहींत एनव्हीएमई पद्धतीची. काही फलकांवर ही खोबण वापरात आणली की साटाची एखादी जोडणी बंद होते. ‘एम-डॉट-टू उपलब्ध’ एवढ्या शब्दांवर समाधान न मानता ‘एनव्हीएमई एसएसडीसाठी’ हे शब्द पाहावेत. अशा दोन खोबणी असल्या तर उत्तम : एकीत कार्यप्रणाली, दुसरी पुढच्या गरजेसाठी.

पीसीआय एक्सप्रेस या कार्डांच्या खोबणींबाबत फारसे लिहिण्यासारखे नाही. २००३ पासूनच्या त्याच्या सर्व आवृत्त्या परस्परांशी जुळतात. नवे कार्ड जुन्या खोबणीत चालते, केवळ वेग जुना मिळतो. लांब खोबणीत सोळाही मार्ग जोडलेले असतातच असे नाही, हे तेवढे पुस्तिकेत पाहून घ्यावे. कार्यालयास एक लांब व एक आखूड खोबण पुरे. पाचव्या आवृत्तीसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण शाळेला किंवा पंचायतीला नाही. ‘भविष्यासाठी’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींपैकी ही एक आहे.

आकार आणि वीजपुरवठा

एटीएक्स फलक ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० चा. कार्यालयास मायक्रो-एटीएक्स सोयीचा. मोजमापापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, फलक या प्रमाणांपैकी एकाचा आहे की उत्पादकाने स्वतःच्या पेटीसाठी निराळा घडविलेला. नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत दुसरा प्रकार वारंवार आढळतो. स्क्रूची छिद्रे वेगळी, वीज जोडणी २४ पिनांच्या प्रमाणाऐवजी सहा वा आठ पिनांची, समोरच्या बटणाची तारही निराळी. हमीच्या काळात याचा त्रास होत नाही; कंपनीचा माणूस येतो आणि भाग बदलून जातो. हमी संपल्यानंतर मात्र तालुक्याच्या दुरुस्ती दुकानात मिळणारा साधा वीजपुरवठा त्यास लागू पडत नाही. फलक बिघडला तर त्या पेटीत दुसरा बसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या शाळेच्या दृष्टीने, वेगापेक्षाही हा गुण मोलाचा ठरतो : दुरुस्तीचा भाग जवळच्या बाजारात मिळेल काय ?

याचा अर्थ तयार संगणक घेऊ नयेत असा नव्हे. मोठ्या खरेदीत एकाच कंपनीची सेवा आणि तीन ते पाच वर्षांची जागेवरील हमी यांचे मूल्य मोठे आहे. पण तयार संगणकाच्या बाबतीतही फलकाचे प्रमाण आणि वीज जोडणीचा प्रकार लेखी विचारता येतो. आज तो बहुधा कोणी विचारत नाही.

बायोस : न दिसणारा भाग

टीपीएमच्या अटीमुळे कितीतरी चांगले संगणक निकालात काढले गेले असावेत. प्रत्यक्षात ही सुविधा स्वतंत्र चिपच्या रूपाने असावी लागत नाही. इंटेलच्या फलकांवर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या फलकांवर एफटीपीएम या नावाने बायोसमध्येच असते, आणि अनेक यंत्रांत ती कारखान्यातूनच बंद ठेवलेली आढळते. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ती चालू केली की ‘अपात्र’ यंत्र पात्र होते, खर्च शून्य. मोडीचा प्रस्ताव करण्यापूर्वी ही तपासणी होणे अगत्याचे आहे. प्रोसेसरच यादीत नसेल, तर लिनक्सवर आधारित एखादी कार्यप्रणाली, जसे सी-डॅकची बॉस, हाही एक मार्ग उरतो. विशेषतः जेथे काम संकेतस्थळावरूनच होते.

बायोस अद्ययावत करणे हे काम मात्र सावधपणे करावे. लेखन चालू असताना वीज गेली, तर फलक निर्जीव होऊन बसतो. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावी यूपीएस जोडल्याशिवाय यास हात लावू नये. काही फलकांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते. मागच्या बाजूस त्याचे लहानसे बटण असते. पुढे प्रोसेसर बदलण्याचा विचार असल्यास हे बटण असलेला फलक निवडावा, कारण नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बायोस नवा हवा आणि बायोस भरण्यासाठी चालता प्रोसेसर हवा, असा पेच त्यामुळे सुटतो.

खरेदीची भाषा

जेम या शासकीय ई-बाजारपेठेवर २०१६ पासून खरेदी होत आहे. तेथील पर्यायांत प्रोसेसर, मेमरी, साठवण ठळकपणे दिसतात आणि निवड बहुधा त्यांवरच होते. फलकासंबंधीच्या अटी शोधून घालाव्या लागतात. त्या घालताना विशिष्ट कंपनीचे वा मॉडेलचे नाव लिहिल्यास स्पर्धा संकुचित होते आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. म्हणून गुणधर्म लिहावेत : मेमरीची एकूण खोबणी किती व त्यांपैकी पुरवठ्याच्या वेळी रिकाम्या किती, जास्तीत जास्त मेमरी किती स्वीकारली जाईल, एनव्हीएमई खोबणी किती, टीपीएम २.० चालू स्थितीत आहे काय, फलकाचे प्रमाण कोणते, वीज जोडणी कोणती आणि बायोसच्या नव्या आवृत्त्या किती वर्षे दिल्या जातील. मेमरी वाढविल्यास हमी रद्द होणार नाही, हेही लिहून घ्यावे; काही पुरवठादार पेटीवर मोहोर लावतात आणि ती उघडली की हमीतून अंग काढून घेतात.

सर्वांत कमी दराच्या निविदेचे बंधन सर्वांनाच असते. त्या बंधनाच्या आतही हे साधते, कारण किमान अटीच जर नीट लिहिल्या असतील तर सर्वांत कमी दर हा त्या अटी पाळणाऱ्यांतील सर्वांत कमी दर असतो. २५ संगणकांच्या प्रयोगशाळेचे उदाहरण घ्यावे. मेमरीची एक खोबण रिकामी असेल, तर पाचव्या वर्षी २५ पट्ट्या विकत घेऊन शाळेतील शिक्षकच एका दुपारी त्या बसवू शकतील. ती नसेल, तर २५ संगणकांचा नवा प्रस्ताव, त्याची मंजुरी, निविदा आणि पुरवठा. तोवर एक शैक्षणिक वर्ष निघून जाते, आणि त्या वर्षीची मुले संगणक पाहतात पण वापरीत नाहीत.

पुरवठा झाल्यावर साठा नोंदवहीत ‘संगणक, नग २५’ एवढीच नोंद करण्याची प्रथा आहे. तिच्यात फलकाचे मॉडेल, आवृत्ती क्रमांक, मेमरीची पिढी आणि बायोसची आवृत्ती यांचे चार रकाने वाढवावेत. पेटी न उघडताही ही माहिती मिळते : विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडल्यास तिच्यात मेमरीची पिढी सोडून बाकीची दिसते. मुख्याध्यापकांची वा ग्रामसेवकांची बदली झाली तरी पुढच्यास कोणती पट्टी मागवावयाची हे त्यावरून कळते. सध्या ते कळण्यासाठी तालुक्याहून माणूस बोलावावा लागतो.

फलकाचे आयुष्य खरोखरच संपले, म्हणजे तो भंगारवाल्याकडे न जाता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावयास हवा; ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्याआधी एसएसडी, मेमरी व वीजपुरवठा काढून घ्यावेत. एखाद्या शेजारच्या यंत्रास ते लागू पडतात.

आणि फलक संपला असे ठरविण्यापूर्वी त्यावरील नाण्याएवढी बॅटरी पाहावी. सीआर-२०३२ या क्रमांकाची, तीन व्होल्टची ही बॅटरी काही वर्षांनी उतरते. मग संगणक दर सकाळी जुनीच तारीख दाखवितो, सुरू होताना थांबून कळ दाबावयास सांगतो, आणि तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. ‘मदरबोर्ड गेला’ असा शेरा मिळालेल्या यंत्रांपैकी काहींची तक्रार एवढीच असते. ही बॅटरी घड्याळजीच्या दुकानातही मिळते आणि बदलावयास पाच मिनिटे लागतात.